सेन्सॉरनंतरचा प्रेक्षक : दक्षिण कोरियातील ऐतिहासिक दूरचित्रवाणी मालिका आणि प्रेक्षकांची टीका

प्रस्तावना

दूरचित्रवाणी मालिका हा पूर्व आशियाई समाजांच्या अलीकडील इतिहासाचा एक महत्त्वाचा, परंतु इतिहासाच्या अभ्यासकांनी बराच काळ दुर्लक्षिलेला घटक आहे. मालिकांचा अभ्यास बहुधा निर्यात, पर्यटन आणि लोकप्रियता या अंगांनी होतो. या मालिका ज्यांच्यासाठी तयार झाल्या त्या मायदेशीच्या प्रेक्षकाने त्यांच्याशी कसा वाद घातला, याचा इतिहास मात्र क्वचितच मांडला जातो. दक्षिण कोरियाच्या बाबतीत हा इतिहास विशेष उद्बोधक आहे. तेथे लष्करी राजवटीच्या काळात काय दाखवावे हे शासन ठरवीत असे. ती राजवट गेल्यानंतर तो अधिकार मोकळा राहिला नाही. त्यावर प्रेक्षकांनी आपला हक्क सांगितला. प्रस्तुत निबंधात १९८६ ते २०२४ या कालखंडातील काही ठळक प्रसंगांच्या आधारे या हक्काचा उगम, त्याची साधने आणि त्यातून निर्माण झालेला पेच यांचा विचार केला आहे.

शुल्क नाकारणारा प्रेक्षक

कोरियात दूरचित्रवाणीचे पहिले प्रक्षेपण १९५६ मध्ये झाले आणि १९६१ च्या अखेरीस के.बी.एस. ही शासकीय वाहिनी सुरू झाली. १९७२ मधील 'योरो' या के.बी.एस.च्या मालिकेच्या वेळी रस्ते ओस पडत, अशी आठवण त्या पिढीकडून आजही सांगितली जाते. प्रेक्षकाची निष्ठा तेव्हाही मोठी होती. त्याला आवाज मात्र नव्हता. पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत दैनंदिन मालिकांवर शासकीय मार्गदर्शक तत्त्वे लादली गेली. पुढे चुन दू-ह्वान यांनी सत्ता बळकावल्यावर १९८० च्या नोव्हेंबरमध्ये वृत्तसंस्था व वाहिन्यांचे सक्तीने विलीनीकरण करण्यात आले आणि टी.बी.सी. ही लोकप्रिय खाजगी वाहिनी के.बी.एस.मध्ये विलीन झाली. त्याच डिसेंबरमध्ये रंगीत प्रक्षेपणही सुरू झाले. पडद्यावर रंग आले आणि आशयाचा रंग गेला, असे त्या वर्षाचे वर्णन करता येईल.

या पार्श्वभूमीवर प्रेक्षकाने केलेली पहिली संघटित टीका कोणत्याही मालिकेच्या कथानकावर नव्हती. ती पैशांच्या रूपात व्यक्त झाली. रात्री नऊचा ठोका पडताच राष्ट्राध्यक्षांच्या दिनक्रमाने सुरू होणाऱ्या बातम्यांना लोक 'थेंग-जन बातम्या' म्हणत. घड्याळाच्या ठोक्याचा ध्वनी आणि चुन यांच्या आडनावाने होणारी पहिल्या वाक्याची सुरुवात यांची ती उपहासात्मक सांगड होती. प्रारंभी ग्रामीण भागात आणि १९८६ मध्ये ख्रिस्ती व महिला संघटनांच्या पुढाकाराने देशभर के.बी.एस.चे प्रेक्षक शुल्क न भरण्याची चळवळ पसरली. 'आमच्या घरी के.बी.एस. पाहिले जात नाही' अशा आशयाच्या चिठ्ठ्या दारांवर चिकटवल्या गेल्या. पुढच्याच वर्षी जूनमध्ये लोकशाहीसाठीचा उठाव झाला. शुल्कनकाराच्या चळवळीने तो घडवला असे म्हणता येणार नाही. परंतु दूरचित्रवाणी ही प्रेक्षकाच्या पैशावर चालणारी आणि म्हणून प्रेक्षकाला उत्तरदायी असणारी संस्था आहे, ही जाणीव सामान्य गृहिणीपर्यंत तिने पोहोचवली. १९९४ मध्ये हे शुल्क विजेच्या बिलाला जोडण्यात आले. त्यानंतर नकाराचे हे साधन प्रेक्षकाच्या हातून निसटले, हा योगायोग निश्चितच नव्हे.

चळवळीतून जन्मलेली ही जाणीव पुढे कायद्यातही उतरली. २००० च्या प्रसारण कायद्याने के.बी.एस.वर प्रेक्षकांनी स्वतः तयार केलेले कार्यक्रम दरमहा किमान १०० मिनिटे दाखवण्याचे बंधन घातले. प्रमुख वाहिन्यांनी आपल्याच कार्यक्रमांची प्रेक्षकांकडून होणारी समीक्षा दर आठवड्याला किमान एक तास प्रक्षेपित करावी, अशीही तरतूद त्यात झाली. समीक्षेला अशा रीतीने कायद्याने वेळ राखून देणारी व्यवस्था विरळाच म्हणावी लागेल.

'वाळूचे घड्याळ' आणि स्मृतीचे पुनरागमन

लोकशाहीच्या पहिल्या दशकात मालिकांनी इतिहासाच्या निषिद्ध दालनांना हात घातला. दिग्दर्शक किम जोंग-हाक आणि लेखिका सोंग जी-ना यांची ३६ भागांची 'पहाटेचे डोळे' ही मालिका एम.बी.सी.वर ऑक्टोबर १९९१ मध्ये सुरू झाली. जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या एका कोरियन तरुणीचे आयुष्य तिच्या केंद्रस्थानी होते. किम हाक-सुन या वृद्धेने आपल्यावरील अत्याचाराची जाहीर साक्ष दिली ती १४ ऑगस्ट १९९१ रोजी, म्हणजे मालिका सुरू होण्याच्या जेमतेम दोन महिने आधी. जेजू बेटावर १९४८ पासून झालेल्या हत्याकांडाचे चित्रणही या मालिकेत होते. त्या हत्याकांडाच्या चौकशीचा विशेष कायदा २००० मध्ये झाला. पडदा येथे संसदेच्या आठ वर्षे पुढे होता.

याच जोडीची 'मोरे शिग्ये' (वाळूचे घड्याळ) ही मालिका जानेवारी-फेब्रुवारी १९९५ मध्ये एस.बी.एस.वर आठवड्यातून चार रात्री दाखवण्यात आली. तिचे २४ भाग होते आणि सर्वोच्च प्रेक्षकसंख्या ६४.५ टक्क्यांवर पोहोचली. लोक कामावरून लवकर घरी परतू लागले म्हणून तिला 'घरी परतण्याचे घड्याळ' असे टोपणनाव पडले. एस.बी.एस.चे प्रक्षेपण तेव्हा राजधानी सोल व भोवतालच्या प्रदेशापुरते मर्यादित होते. इतर प्रांतांतील लोकांनी ही मालिका भाड्याच्या चित्रफितींवर पाहिली. ज्या क्वांगजूची कथा तीत होती, ते क्वांगजूही याच 'इतर प्रांतांत' मोडत होते.

मे १९८० मध्ये क्वांगजू शहरात सैन्याने नागरिकांवर केलेला गोळीबार या मालिकेने मनोरंजनाच्या प्रमुख वेळेत, प्रत्यक्ष चित्रणाचे तुकडे कथेत मिसळून, दाखवला. येथील रचना लक्षात घेण्याजोगी आहे. कथेतील दोन जिवलग मित्रांपैकी गुंडगिरीच्या वाटेला लागलेला थे-सू त्या दिवसांत शहरात नागरिकांबरोबर आहे; पुढे सरकारी वकील होणारा, सरळमार्गी ऊ-सोक मात्र सक्तीच्या लष्करी सेवेत असल्याने सैन्याच्या बाजूला उभा आहे. दोषाची विभागणी इतकी अवघड करून ठेवणारी मांडणी लोकप्रिय मालिकेत अपवादानेच आढळते. प्रेक्षकाला येथे निवाडा आयता मिळत नव्हता, तो त्याला स्वतः करावा लागत होता. त्याच वर्षी ३ डिसेंबरला चुन दू-ह्वान यांना अटक झाली आणि महिनाअखेरीपूर्वी क्वांगजूसंबंधीचा विशेष कायदा संमत झाला. मालिकेमुळे अटक झाली, असे सरळ समीकरण मांडणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होणार नाही. मात्र ज्या घटनेविषयी पंधरा वर्षे कुजबुजत बोलले गेले ती जेवणाच्या खोलीत, तीन पिढ्यांच्या देखत, उघडपणे बोलली गेली, हे नाकारता येत नाही. ऑक्टोबर १९९६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने चित्रपटांची पूर्वपरीक्षा घटनाबाह्य ठरवली. शासकीय सेन्सॉरचे युग सरत आले होते.

अर्ध्यावर लिहिलेली कथा आणि बोलणारा प्रेक्षक

प्रेक्षकाची टीका कोरियात इतकी प्रभावी का ठरली, याचे उत्तर काही अंशी निर्मितीच्या पद्धतीत आहे. तेथे एक मालिका साधारणतः सोमवार-मंगळवार, बुधवार-गुरुवार किंवा शनिवार-रविवार अशी आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी तासाभराहून अधिक लांबीची दाखवली जात असे. पहिले काही भाग तयार होताच प्रक्षेपण सुरू होई आणि उरलेले लेखन व चित्रीकरण प्रक्षेपणाबरोबर धावत चाले. संहितेची पाने चित्रीकरणाच्या दिवशी सुटी-सुटी येत. त्यांना 'च्योकदेबोन', म्हणजे तुकड्यांची संहिता, म्हणत. २०११ मध्ये 'साइन' या मालिकेच्या अंतिम भागात ध्वनी तुटला आणि मध्येच पडद्यावर तांत्रिक रंगपट्ट्या दिसल्या. घाईचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. कलाकार व तंत्रज्ञांच्या दृष्टीने ही पद्धत अमानुष होती. मात्र तिच्यामुळे मंगळवारी रात्री व्यक्त झालेला असंतोष पुढच्या सोमवारच्या भागात पोहोचू शकत होता. कथा अजून लिहिली जायची आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक होते.

२००३ मध्ये एम.बी.सी.वरील 'तामो' या १४ भागांच्या मालिकेने या संबंधाला नवे रूप दिले. चोसन काळातील एका स्त्री गुप्तहेराची ही कथा होती. प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांत ती विक्रमी नव्हती. परंतु मालिका संपेपर्यंत वाहिनीकडे नोंदवलेल्या प्रेक्षकांच्या अभिप्रायांची संख्या दहा लाखांहून अधिक झाली. या प्रेक्षकांनी स्वतःला 'तामो प्येइन' म्हणवून घेतले. 'प्येइन' म्हणजे कामातून गेलेला, निकामी झालेला माणूस. हिणवण्याचा शब्द बिरुदासारखा मिरवण्यात विनोद होता, तसा दावाही होता : ही मालिका जितकी निर्मात्यांची, तितकीच ती पुनःपुन्हा पाहून तिचा अर्थ लावणाऱ्यांची. त्यानंतर मालिकेची गुणवत्ता मोजण्यास केवळ प्रेक्षकसंख्या पुरेशी राहिली नाही. निष्ठा हेही एक माप ठरले.

ऐतिहासिक मालिकांच्या, म्हणजे 'साग्युक'च्या बाबतीत प्रेक्षकाच्या हाती आणखी एक शस्त्र आले. चोसन राजवंशाच्या १३९२ ते १८६३ या ४७२ वर्षांच्या बखरवजा दैनंदिन नोंदी, अर्थात 'सिल्लोक', अभिजात चिनी भाषेत असल्याने पूर्वी केवळ पंडितांनाच वाचता येत. त्यांचे आधुनिक कोरियन भाषांतर १९९३ मध्ये पूर्ण झाले आणि पुढील दशकाच्या मध्यापासून ते संगणकावर विनामूल्य उपलब्ध झाले. आता शाळकरी मुलगाही कालच्या भागातील राजा अमुक वर्षी खरोखर कोठे होता, हे ताडून पाहू शकत होता. दरम्यान मालिकांचा प्रवास नेमका उलट दिशेने होत होता. २००३-०४ मधील ली ब्योंग-हून दिग्दर्शित 'ते जांग गुम' ही ५४ भागांची मालिका सिल्लोकमधील एका स्त्री वैद्याच्या मोजक्या उल्लेखांवर उभी आहे. तिचे स्वयंपाकघर, तिची शिकवण, तिचे प्रेम हे सारे लेखिका किम योंग-ह्योन यांच्या कल्पनेतून आले. (भारतीय प्रेक्षकाला २००६ मध्ये दूरदर्शनवर हिंदीत 'घर का चिराग' या नावाने दिसलेली मालिका ती हीच.) नोंदी जितक्या त्रोटक, तितका लेखक मोकळा. 'ते जांग गुम'ला फारसा विरोध झाला नाही, कारण तिची नायिका अल्पज्ञात होती. राजांच्या बाबतीत ही सवलत मिळणार नव्हती.

'चोसन कुमासा' : दोन भागांची मालिका

सोमवार, २२ मार्च २०२१ रोजी एस.बी.एस.ने 'चोसन कुमासा' (चोसनचा भूतनिवारक) ही १६ भागांची मालिका सुरू केली. राजा थेजोंग आणि त्याचा पुत्र छुंगन्योंग दुष्टात्म्यांशी लढतात, अशी ही अद्भुतकथा होती. हा छुंगन्योंग म्हणजेच पुढे कोरियन लिपी निर्माण करणारा राजा सेजोंग, कोरियन जनमानसातील सर्वाधिक आदरणीय पुरुष. पहिल्याच भागात भ्रमिष्ट अवस्थेतील थेजोंग निरपराध प्रजेची कत्तल करताना दिसला. पाठोपाठ सीमेवरील उइजू येथील प्रसंगात छुंगन्योंग एका पाश्चात्त्य धर्मगुरूचे आतिथ्य करतो, आणि त्या मेजवानीत चिनी चंद्रपिठी, मुरवलेली अंडी व चिनी पद्धतीची मोमोसारखी भरलेली उकड मांडलेली होती.

वाद पेटला तो मुख्यतः या ताटावरून. परक्या वाचकाला हे क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यामागे जवळपास दोन दशकांची पार्श्वभूमी होती. २००२ पासून चीनमध्ये राबवल्या गेलेल्या एका संशोधन प्रकल्पात कोगुर्यो हे प्राचीन राज्य चिनी इतिहासाचा भाग म्हणून मांडले गेले आणि कोरियात त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटली. २०२० च्या अखेरीस किमची आणि पारंपरिक पोशाख यांच्या मूळ मालकीवरून दोन्ही देशांत खडाजंगी झाली. त्याच मार्च महिन्यात दुसऱ्या एका वाहिनीवरील मालिकेत चिनी कंपनीचा डबाबंद 'बिबिंबाप' जाहिरातीदाखल दिसला होता. लेखिकेची आधीची मालिकाही वादमुक्त नव्हती. चोसन दरबारावरील त्या विनोदी मालिकेत सिल्लोकची तुलना भडक वर्तमानपत्राशी करणारे वाक्य आल्याने निर्मात्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली होती. तात्पर्य, उइजूच्या मेजवानीतील पदार्थ भरल्या बारुदावर पडलेली ठिणगी ठरले.

निर्मात्यांनी खुलासा केला की प्रसंग मिंग साम्राज्याच्या सीमेजवळचा असल्याने तशी कल्पना केली होती. खुलाशाने आग विझली नाही. थेजोंगच्या वंशजांच्या, जन्जू ली कुळाच्या संघटनेने निषेध नोंदवला. प्रेक्षकांनी केवळ वाहिनीलाच लिहिले नाही. त्यांनी जाहिरातदारांना लिहिले. तीन-चार दिवसांत बहुतेक सर्व जाहिरातदारांनी अंग काढून घेतले आणि चित्रीकरणास साहाय्य करणाऱ्या नगरपालिकाही मागे हटल्या. शुक्रवार, २६ मार्चला एस.बी.एस.ने मालिका रद्द केली. सुमारे ८० टक्के चित्रीकरण तोवर पूर्ण झाले होते. नंतर लेखिका, दिग्दर्शक आणि प्रमुख कलाकारांनी एकामागून एक क्षमापत्रे प्रसिद्ध केली. चालू मालिका प्रेक्षकांच्या ऐतिहासिक आक्षेपामुळे दोन भागांत बंद पडण्याचा हा प्रसंग अभूतपूर्व होता.

१९८६ च्या शुल्कनकाराशी या घटनेचे नाते उघड आहे. दोन्ही वेळा पैशांच्या नाडीवर बोट ठेवले गेले. भेद मात्र तितकाच मोठा आहे. १९८६ मध्ये प्रेक्षक शासनाच्या आवाजाला नकार देत होते. २०२१ मध्ये त्यांनी एका लेखिकेची कथा बंद पाडली. टीकेच्या बाजूने हे मान्य करावे लागेल की ऐतिहासिक व्यक्तींची खरी नावे वापरून त्यांना हवे तसे वागवणे ही सोयीची वाट होती. नावे काल्पनिक ठेवली असती तर बराचसा आक्षेप उरला नसता. तरीही समीक्षेच्या दृष्टीने झालेली हानी वेगळीच आहे. उरलेले चौदा भाग कोणी पाहिले नाहीत. थेजोंगच्या भ्रमाचे पुढे काय होणार होते, ते हिंस्र दृश्य सत्तेच्या क्रौर्यावरील भाष्य होते की निव्वळ भयपटाची क्लृप्ती, हे ठरवण्याचा आधारच उपलब्ध राहिला नाही. संहिता समोर नसताना केलेला निवाडा, मग तो कितीही लोकांनी एकमुखाने केला तरी, टीका या संज्ञेस पात्र ठरतो काय, हा प्रश्न राहतोच.

'सोलगांगह्वा' आणि १९८७ चे जिवंत साक्षीदार

त्याच मार्चमध्ये जे.टी.बी.सी.च्या 'सोलगांगह्वा' या आगामी मालिकेचा कथासारांश फुटला. १९८७ मधील सोलमध्ये एक विद्यार्थिनी जखमी तरुणाला लोकशाही चळवळीतील कार्यकर्ता समजून वसतिगृहात आश्रय देते. तो प्रत्यक्षात उत्तर कोरियाचा हेर असतो, असे कथानक. मालिका बंद करावी या मागणीच्या अर्जावर राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे दोन लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. त्या वर्षीच्या मे महिन्यात कार्यालयाने उत्तर दिले : प्रसारण कायद्याने कार्यक्रम ठरवण्याच्या स्वातंत्र्याला संरक्षण दिले आहे आणि शासनाने त्यात हस्तक्षेप करणे उचित नाही. ज्या देशात रात्री नऊच्या बातम्यांचे पहिले वाक्य शासन ठरवीत होते, तेथे प्रजा बंदी मागत आहे आणि शासन नकार देत आहे, ही अदलाबदल इतिहासाच्या अभ्यासकाने नोंद घ्यावी अशीच आहे.

येथील आक्षेप ताटातील पदार्थांइतका वरवरचा नव्हता. १९८० च्या दशकात विद्यार्थी कार्यकर्त्यांना पकडताना त्यांच्यावर उत्तरेचे हेर असल्याचा खोटा शिक्का मारला जात असे. १४ जानेवारी १९८७ रोजी पार्क जोंग-छोल हा विद्यार्थी पोलिसांच्या नामयोंग-दोंग येथील इमारतीत पाण्याच्या छळाने मरण पावला. मेजावर हात आपटताच तो कोसळला, असा खुलासा पोलिसांनी केला होता. ज्या पालकांची मुले 'हेर' ठरवली गेली, ते पालक आणि छळातून वाचलेले कार्यकर्ते २०२१ मध्ये हयात होते. त्यांच्यासमोर 'कार्यकर्ता वाटलेला तरुण खरोखरच हेर निघाला' ही कथा मांडणे म्हणजे छळणाऱ्यांच्या जुन्या असत्याला अनवधानाने का होईना दुजोरा देणे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. नायिकेचे नाव एका प्रत्यक्ष कार्यकर्तीच्या नावाशी जुळत असल्याने ते बदलण्यात आले. कथानक बदलले नाही.

१८ डिसेंबर २०२१ रोजी प्रक्षेपण सुरू होताच नवा अर्ज दाखल झाला आणि पुन्हा लाखो नावे जमली. काही जाहिरातदार मागे हटले. एका नागरी संघटनेने मनाईहुकमासाठी अर्ज केला. सोलच्या पश्चिम जिल्हा न्यायालयाने तो २९ डिसेंबरला फेटाळला. वाहिनीने माघार घेतली नाही. उलट, गैरसमज दूर व्हावेत म्हणून तिने तिसरा, चौथा आणि पाचवा असे भाग सलग तीन दिवस दाखवले. ३० जानेवारी २०२२ रोजी सोळावा भाग प्रक्षेपित होऊन मालिका पूर्ण झाली. निवाडा करण्यास संहिता उपलब्ध झाली, ती अशी.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले असता एक विसंगती डोळ्यांत भरते. सहाशे वर्षांपूर्वीच्या राजाच्या सन्मानासाठी मालिका बंद पडली. चौतीस वर्षांपूर्वीच्या, जिवंत माणसांच्या जखमेशी संबंधित मालिका पूर्ण झाली. यामागे वाहिन्यांच्या आर्थिक बळाचा आणि विरोधाच्या वेळेचा वाटा असेलच. परंतु राष्ट्राच्या अस्मितेवर एकमत चटकन होते, तर राष्ट्राने आपल्याच नागरिकांवर केलेल्या अत्याचाराच्या स्मृतीवर तसे एकमत होत नाही, हेही त्यामागचे कारण मानावे लागते. 'वाळूचे घड्याळ' पाहणाऱ्या समाजाचीच ही पुढची पिढी होती.

क्वीजूची लढाई

२०२३-२४ मध्ये के.बी.एस.वर ३२ भागांची 'कोर्यो-खितान युद्ध' ही मालिका दाखवण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये तरुण राजा ह्योनजोंग हा उतावळा व दुबळा रंगवला आहे, तो घोड्यावरून पडतो, अशी तक्रार सुरू झाली. विशेष म्हणजे जिच्या आधारावर मालिका तयार होत होती त्या कादंबरीचे लेखक गिल सुंग-सू हेही टीकाकारांत सामील झाले. प्रेक्षकांचा एक मोठा गट 'कोर्योसा' या इतिहासग्रंथातील नोंदी काढून प्रत्येक भागाशी ताडून पाहू लागला. या वेळी मुख्य मागणी मालिका थांबवण्याची नव्हती. लेखकाने ग्रंथ नीट वाचावा, अशी ती होती. १० मार्च २०२४ रोजी अंतिम भाग झाला. १०१९ मधील क्वीजूची लढाई, जिच्यासाठी चार महिने वाट पाहिली गेली, ती पाऊस सुरू होताच पडद्यावर आटोपती घेण्यात आली. सेनापती कांग काम-छान यांच्या घोडदळाने शत्रूला कसे गाठले, हे का दाखवले नाही, अशी तक्रार त्या रात्री प्रेक्षकांकडून पुनःपुन्हा नोंदवली गेली.